राहू द्या म्हणणाऱ्या म्हात्रेबाई

अक्कलदाढ दाखवायला कोणी आलं, की डॉ. हेमलता म्हात्रे आधी त्याच्या हातात आरसा आणि कोरा ब्रश द्यायच्या. "शेवटच्या दाढेपर्यंत घासून दाखवा." माणूस खुर्चीतच तोंडभर फेस करून घासायचा. मग बाई एक्स-रे बघायच्या आणि निकाल द्यायच्या. "ब्रश पोचतोय, दाढ सरळ आहे, कीड नाही. राहू द्या तिला." मुर्ध्याहून, त्यांच्या माहेरच्या गावाहून, कोणी म्हातारी आली तर तिच्याच बोलीत, "दुखत न्हाय, मग काढाची कशाला?"

माझाही दातांचाच दवाखाना, सिल्व्हर पार्क वसाहतीच्या त्याच गल्लीत, त्यांच्या बरोबर समोर. मला त्यांचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखेपर्यंत. माझ्याकडे नवी खुर्ची, काचेचं दार, एसी. त्यांच्याकडे लाकडी बाकडं, आणि ते कायम भरलेलं. अक्कलदाढ चांगली असली तरी तरुणपणी काढून मोकळं व्हावं, पुढे त्रास नको, हे माझं मत. ते मी पेशंटला अर्धा तास समजावून सांगायचो. मग पेशंट खाली उतरायचा, रस्ता ओलांडायचा आणि समोरून 'राहू द्या' ऐकून हसत घरी जायचा.

माझी मुलगी सई कॉलेजात होती तेव्हा तिच्या मैत्रिणीची, तन्वीची, खालची अक्कलदाढ मी काढली. दाढ निरोगी होती. पण मुळाजवळच्या नसेला धक्का लागला आणि पोरीचा अर्धा ओठ चार महिने बधिर राहिला. चहा ओघळायचा तरी तिला कळायचं नाही. "होतं असं कधीकधी," एवढंच मी तिला म्हणालो.

त्याच वर्षी सुट्टीत सईच्या दाढा काढायचं मी ठरवलं होतं. तिने साफ नकार दिला. बायको तिला गुपचूप समोर घेऊन गेली. दोघी काय ऐकून आल्या ते सांगायला नको. आठवडाभर मी घरात कोणाशी धड बोललो नाही. सई त्यानंतर माझ्या खुर्चीत बसली नाही.

म्हात्रेबाई कधी चुकतात याची मी अक्षरशः वाट बघू लागलो. आणि एकदा त्या चुकल्या. त्यांनी ठेवायला सांगितलेली दाढ किडून गाल सुजलेला एक बँकेतला माणूस माझ्याकडे आला. मी आनंदाने, हो, आनंदानेच, त्याला घेऊन समोर गेलो.

बाईंनी जुना एक्स-रे काढला, नवा शेजारी धरला. मग त्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "तेव्हा चांगली होती म्हणून ठेवली. पण दर वर्षी बघायला हवी होती. तुम्ही आला नाहीत, मीही फोन केला नाही. चुकलं माझं. आता मात्र काढावी लागेल."

तो चिडेल, असं मला वाटलं होतं. तो गाल धरून म्हणाला, "मग मॅडम, तुम्हीच काढा."

त्या दिवशी मी जितका जळलो तितका कधी जळलो नाही. बाकड्यावरची गर्दी मी एक वेळ सहन केली असती. पण 'चुकलं माझं' हे त्यांना इतकं सहज म्हणता येत होतं, आणि मला तन्वीला ते म्हणता आलं नव्हतं.

गेल्या वर्षी बाईंचा हात कापू लागला आणि त्यांनी दवाखाना बंद केला. जाताना पेशंटांच्या एक्स-रेंची पाकिटं माझ्याकडे आणून दिली. "यांना दर वर्षी फोन करा हं डॉक्टर. मी एकदा विसरले होते." पाकिटांत एक सईचं होतं. आत सहा वर्षांच्या सहा नोंदी. पाच ठिकाणी 'ब्रश पोचतो', आणि सहाव्यापुढे, 'पुढची तपासणी वडिलांकडे.'

मी आधी तन्वीला फोन केला. जे तेव्हा म्हणायला हवं होतं ते म्हणालो. ती म्हणाली, "काका, ओठ केव्हाच बरा झाला. पण बरं वाटलं."

रविवारी सई दवाखान्यात आली, पण दारातच थांबली. "बाबा, काढायची म्हणणार नाही ना?"

मी तिच्या हातात आरसा आणि कोरा ब्रश दिला. ती आत येऊन खुर्चीत बसली.