परातीपेक्षा मोठी भाकर

मनीषनगरात ज्या घरी मी स्वयंपाक करते, तिथल्या काकांना दुर्बिणीचं वेड आहे. हिवाळ्यात रविवारी अंधार पडला की त्यांचे तीन दोस्त गच्चीवर जमतात. आभाळातली कोणती गोष्ट केवढी दिसते ते मापतात आणि वहीत लिहितात. एकदा मी चहा घेऊन वर गेले तर काका म्हणाले, "बाई, तुम्हीपण पाहा. तुमचंही माप लिहू."

चौथीनंतर माझं काही कोणी लिहून घेतलं नव्हतं. मी हरखले.

काकांनी रीत सांगितली. भिंगातून जो गोल दिसतो, त्यात दोन चंद्र शेजारी शेजारी मावतात. तो पूर्ण गोल म्हणजे एक अंश. देवयानी दीर्घिका त्यातली किती जागा घेते, तेवढं सांगायचं. परातीत उंडा केवढा, हे मी रोजच बघते. मी पुष्कळ वेळ डोळा लावून उभी राहिले. आधी नुसता धूर दिसला, मग मधला उजेड, मग दोन्हीकडे विरत गेलेली कड. कड संपली तिथवर पाहिलं आणि सांगितलं, "अर्धा अंश."

दोस्तांनी डोळा टेकवला न टेकवला आणि तिघंही म्हणाले, "तीन." काकांनी वहीत सगळ्यांच्या नावापुढे तीन लिहिलं. माझ्यापुढेही तीनच.

"काका, मी अर्धा म्हटलं."

"पुस्तकात तीन आहे, बाई."

"पण गोलच एक अंशाचा आहे ना? परातीपेक्षा मोठी भाकर परातीत कशी मावून राहिली?"

एक दोस्त खदखदला. "घ्या गा! बाई आता आभाळ लाटून राहिली!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांची नजर वहीवर गेली, मग चहाकडे वळली. त्यांना कळलं होतं. ताटात मेलेली माशी निघावी आणि वाढणाऱ्याने 'वेलची आहे, खा' म्हणावं, तशी मला शिसारी आली.

"मग माझी ओळ खोडा."

"राहू द्या हो. वाचतं कोण?"

मी रिकामा ट्रे धरून तिथेच उभी राहिले. शेवटी त्यांनी रेघ मारली.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा वर बोलावलं. मी नाही म्हटलं. काहून, ते त्यांनी विचारलं नाही.