शाडूत मोकळा झालेला हात

शेजारची मीनू नुकतंच प्लास्टर निघालेल्या हाताने चेंडू दाबत बसली होती. "काकू, हात पहिल्यासारखा होतो का हो?" तिने विचारलं.

"माझा नाही झाला. पण कामाला आला," मी म्हणाले.

लहानपणी चिंचेवरून पडून माझं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं ताठ झाली होती. व्यायाम करताना मी रडायचे, म्हणून आईने पुढ्यात शाडूचा गोळा ठेवला. "दुखलं तर थांब, पण रोज मळ." मळता मळता त्याच्या चिमण्या झाल्या, बैल झाले, पुढे मूर्ती घडवणं हाच माझा व्यवसाय झाला. दुखणं कधी कधी हाताला काम शोधून देतं.

मनगट अजून पूर्ण वळत नाही, त्यामुळे माझ्या मूर्तींच्या माना किंचित कलतात. लोक त्याला माझी शैली म्हणतात. आहेच ती!