निळ्या पट्ट्यांचा स्वेटर

८ जानेवारी. सकाळी ह्यांच्या स्वेटरच्या गळ्याचे टाके बंद केले. पाठ आणि बाह्या साध्या राखाडी. खरं काम पुढच्या भागात. दिवाळी सरल्यापासून मी नियम केला होता, रोज दोन ओळी विणायच्या. नळाला पाणी आलं तर निळ्या लोकरीनं, नाही आलं तर राखाडी. दोन महिन्यांत निळ्या पट्ट्या सातच निघाल्या.

हे नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. गल्लीत पाणी लांबलं की बायका ह्यांनाच धरतात, जणू व्हॉल्व्ह ह्यांच्या खिशात असतो. हे मुकाट ऐकतात आणि शेजारच्या आजींची कळशी आमच्या टाकीतून भरून देतात. कचेरीतही मुकाटच.

स्वेटर घालून आरशासमोर उभे राहिले तेव्हा पट्ट्यांचा अर्थ सांगितला.

"अगं, हा घालून मी साहेबांसमोर बसू?"

"बसा की. उबदार आहे."

"टेबल बदलतील माझं. मृत्यूच्या दाखल्यांवर बसवतील."

"तिथं शिव्या तरी कमी."

"एखादी निळी पट्टी वाढव ना. कोण मोजतंय?"

"तुम्ही अहवालात पाण्याचे दिवस वाढवता तशी?"

हसले. मग हसू थांबलं. स्वेटर न काढताच डबा घेऊन गेले. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. एकवीस वर्षांची नोकरी, आणि मी ती दोन सुयांवर टांगली होती.

संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "साहेबांनी बाही चाचपून पाहिली. म्हणाले, वहिनींचा हात लई साफ आहे."

"मग? थँक्यू म्हणून बसलात?"

"बसणारच होतो. पण पोटावर बोट ठेवून सगळं सांगितलं. ही पट्टी कधीची, मधले दिवस किती."

"आणि साहेब?"

"पट्ट्या मोजल्या. दोनदा. मग म्हणाले, उद्या मीटिंग आहे, हा घालून येऊ नका."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, साहेब, थंडी आहे."

मी त्यांना चहा आणखी अर्धा कप ओतला. आमच्याकडं कौतुक एवढंच.

९ जानेवारी. सकाळी नळ कोरडाच होता. अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून हे आले, आणि स्वेटर डोक्यातून अडकवला. मी डबा हातात दिला, दार लावलं आणि राखाडी लोकर घेऊन त्यांच्या कानटोपीचे टाके सुईवर घातले.