मष्णूनं राखलेलं गवत

घोरपडीच्या डोंगराला शिखर आहे, हे मष्णूला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. बेळगावच्या मंडळींनी सांगितलं म्हणून. तोवर तो त्या जागेला 'वरलं' म्हणायचा. वरलं म्हणजे जिथं शेळ्या गेल्या की खालून हाका मारून उपयोग नसतो ती जागा. तो तिथं दिवसातून दोनदा जायचा. त्याला कुणी गिर्यारोहक म्हटलं नाही. अनवाणी चढणाऱ्याला तसं म्हणत नाहीत.

बेळगावहून निपाणीकडं जाणाऱ्या सडकेच्या डाव्या अंगाला हा डोंगर. पाऊस खानापूरच्या झाडीत पोटभर पडायचा आणि इथं नुसता ढेकर द्यायला यायचा. त्यामुळं झाड म्हणावं असं काही नव्हतं. करवंदीच्या जाळ्या, बोराटी, तरवड, निवडुंग. आणि मधल्या सगळ्या जागेत कमरेएवढं गवत. पायथ्याला चौदा घरांची वाडी. तिची गुरं त्या गवतावर जगायची.

मग सरकारला डोंगराची दया आली. गवत राखलं तर झाडं वाढतील असं कुणा साहेबानं कागदावर सिद्ध केलं आणि १९३३ साली रान बंद झालं. पायथ्याला इंग्रजी पाटी लागली. ती मष्णूला वाचता येत नव्हती, बैलांना येत नव्हती आणि पाटीची राखण करणाऱ्या आण्णाप्पा गार्डालाही येत नव्हती. पण आण्णाप्पाच्या कोटाला पितळेची बटणं होती. तीन वर्षांत झाडं काही आली नाहीत. गवत मात्र दर साली वाढायचं, वाळायचं आणि उन्हाळ्यात वणव्यात जळून जायचं. सरकारी नियमाप्रमाणं जळायला हरकत नव्हती. कापायला होती.

मष्णूनं शाळामास्तराकडून पाच अर्ज लिहून घेतले. एकाचंही उत्तर आलं नाही. कडबा होळीच्या आत संपायचा. त्याच्या सदलग्याच्या पाहुण्यानं सांगून ठेवलं होतं, की बैल विकलास तर डावा मला दे.

"एक बैल ठेवून काय करशील?" मालुबाईनं, म्हणजे मष्णूच्या बायकोनं विचारलं. "दुसऱ्या अंगाला मला जुपणार?"

"तू वडशील. पर बोलत वडशील," मष्णू म्हणाला. बोलला खरा, पण त्या रात्री जेवला नाही. जोडी मोडली की शेत मोडलं, हे त्याला अर्ज न लिहिताही कळत होतं.

अशा वेळी बेळगावचे चिंतामणी मास्तर सायकलवरून आले. बेळगावात सृष्टिसौंदर्य दर्शन मंडळ निघालं होतं. मास्तर त्याचे चिटणीस, हरिभाऊ वकील अध्यक्ष. पंधरा दिवसांनी, पौषात, मंडळ शिखर सर करणार होतं. वाटाड्या हवा होता.

मष्णूनं सगळ्यातला 'वकील' एवढाच शब्द ऐकला.

त्यानं वाडी गोळा केली. चोरून चार विळे गवत सगळेच आणत होते. तो म्हणाला, "पंधरा दीस कुणी इळा लावायचा न्हाय. वकील येणार हाय. त्येला हुबं गवात दिसू द्या. किती वाया जातंय ते डोळ्यानं बगितल्याबिगर त्या लोकांस्नी कळत न्हाय."

वाडीनं ऐकलं. आठवडाभर एक काडी चोरीला गेली नाही तेव्हा आण्णाप्पा घाबरून मष्णूकडं आला.

"काय रं, पटकी बिटकी आलीया काय वाडीत?"

ठरल्या दिवशी मंडळ आलं. नऊ जण. हाफपँट, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे, हातात काठ्या. हरिभाऊंचं पोट त्यांच्या पुढं दोन पावलं चालत होतं.

"शिखर किती लांब रे?"

"ह्ये काय, आलंच."

"अर्ध्या तासापूर्वीही हेच म्हणालास."

"व्हय की. तवा बी आलंच हुतं."

वर पोचल्यावर वारं सुटलं. सगळं डोंगरभर वाळलेलं गवत एका अंगाला झुकलं आणि उन्हात चमकलं. चिंतामणी मास्तरांचे डोळे भरून आले. ते बी. ए.ला मराठी घेऊन पास झाले होते, त्यामुळं डोळे भरायला वेळ लागत नसे.

"मष्णू, हे काय आहे, ठाऊक आहे तुला?"

"गवात."

"सोनं आहे, सोनं!"

मष्णूचा ऊर भरून आला. तीन वर्षांत पहिल्यांदा एका शिकलेल्या माणसाला गवताची किंमत कळली होती.

"व्हय आप्पा! मी बी तेच म्हनतोय! कुणी ध्यानच देत न्हाय."

"कुणी कापत नाही ना हे?"

"काडी बी न्हाय. पंधरा दीस म्या स्वता राखलंय, तुमी बगावं म्हणून. तुमी सायबाला दोन वळी लिवा."

"लिहितो," हरिभाऊ म्हणाले. "वकिलाचा शब्द आहे." आणि चिवडा उघडला.

उतरताना मष्णू शेळीसारखा उड्या मारत होता.

हरिभाऊंनी शब्द पाळला. पाच अर्जांना मुकी असलेली कचेरी नवव्या दिवशी बोलली. चावडीवर कागद लागला. शाळामास्तरांनी तो मोठ्यानं वाचला. बेळगावच्या प्रतिष्ठित नागरिकांच्या विनंतीवरून डोंगरावरील नयनमनोहर गवत खास राखण्यात येत आहे. कापणाऱ्यास दुप्पट दंड. खाली मंडळाची पुस्ती होती. गवताची निःस्वार्थ राखण करणारे ग्रामस्थ मष्णू यांचे आभार.

वाडी मष्णूकडं बघत राहिली. मष्णू कागदाकडं.

"नाव तरी छापून आलं," मालुबाई म्हणाली. "गोठ्यात जाऊन बैलांस्नी वाचून दाव."

तो उन्हाळा गोठ्याच्या छपरावर निघाला. मालुबाई रोज दोन पेंढ्या छपराच्या उपसायची आणि बैलांपुढं टाकायची. मिरगाला गोठ्यात बसून आभाळ दिसत होतं. आणखी एक साल असं काढायला वर काही उरलंच नव्हतं.

दसरा झाल्यावर चिंतामणी मास्तर पुन्हा आले. मंडळाची वार्षिक सहल पौषातच करावी म्हणत होते.

"पौषात कशाला?" मष्णू म्हणाला. "कार्तिकात या. तवा रंग लई न्यारा असतोय."

रंग न्यारा असतो हे खरं होतं. कार्तिकात गवताला कुसळं पिकतात. कुसळाला पुढं सुईसारखं टोक, मागं पीळ घातलेली शेपटी. ओल लागली की शेपटी उलगडते आणि टोक आत जातं. बाहेर येत नाही. धोतर वर खोचून उघड्या पायानं चालणाऱ्या माणसाला त्याचं फारसं काही वाटत नाही. त्याला धरायला लोकर लागते.

या खेपेला अकरा जण आले. मष्णूनं शेळ्यांची पायवाट सोडली आणि गवताच्या ऐन मधून चालू लागला.

"अरे, वाट कुठाय?"

"वाट हाय की तिकडं. पर वाटंनं शोभा दिसत न्हाय."

सकाळचं दव होतं. पहिल्या चढाला मंडळी कौतुकानं मोजे झटकत होती. दुसऱ्या चढाला कौतुक संपलं. तिसऱ्याला चिंतामणी मास्तर एका पायावर उभे राहून दुसरा खाजवत होते, आणि सृष्टीकडं त्यांचं लक्ष नव्हतं. हरिभाऊ दमून मटकन बसले आणि बसल्यापेक्षा जास्त वेगानं उठले.

शिखर त्या साली कुणी पाहिलं नाही. दुपारी मंडळ मष्णूच्या अंगणात ओळीनं उभं होतं. बसायला कुणी तयार नव्हतं. मालुबाई हरिभाऊंच्या मोज्यातून एकेक कुसळ उपटत होती, आणि प्रत्येक कुसळागणिक वकील साहेब आईची आठवण काढत होते.

"हे गवत कापत का नाही रे कुणी?" ते ओरडले.

मष्णूनं हात जोडले. "कसं कापणार, सायेब? शोभा हाय न्हवं. माझं नाव बी छापून आलंया."

हरिभाऊंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. मग कागद मागितला. पत्र त्यांनी उभ्यानंच लिहिलं.

कचेरी आता प्रतिष्ठित नागरिकांना सरावली होती. कुसळं गळायच्या आत हुकूम आला. गवत कापावं. वाडीत पेढे निघायचेच बाकी होते. पण हुकमाला दुसरं पान होतं. गवत लष्करी छावणीच्या घोड्यांना जाणार होतं आणि कापायचा मक्ता बेळगावच्या एका माणसाला मिळाला होता. वाडीला मजुरी मिळणार होती.

मालुबाईनं परजलेला विळा पुन्हा भिंतीला टांगला. मष्णू मात्र उठून मक्तेदाराकडं गेला आणि एवढंच विचारलं, की सांजला डोईवरनं घरी न्यायची एक पेंढी कापणाराची, हा रिवाज हाय, तो चालंल न्हवं? मक्तेदार शहरातला. एका पेंढीत काय जातंय, असं त्याला वाटलं. तो बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी कापायला आली. बाया, म्हातारे, सासरी गेलेल्या लेकीसुद्धा. दिवस कलला तसं डोंगरावरून गवत खाली येऊ लागलं. माणसं दिसत नव्हती. नुसते ढीग, आणि ढिगांखाली पाय.

मक्तेदारानं पुढच्या ढिगाला अडवलं. "ही पेंढी आहे का गंजी?"

आतून मष्णूचा दबलेला आवाज आला, "डोईवर हाय तवर पेंढीच, आप्पा. बाजूला व्हा, बैलं वाट बगत्यात."