बाजार कोणत्या वारी भरावा

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं त्या दिवसांत मी अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मास्तर होतो. घर अमरावतीचं, शिक्षण बेताचं आणि स्वतःच्या हुशारीविषयीचा समज भरपूर. गावचा आठवडी बाजार बुधवारी भरायचा आणि आम्हा नोकरदारांना त्याचा भारी जाच होता. शाळा, कचेरी, कोर्ट सुटून बाजारात पोचेपर्यंत दिवस कललेला असायचा. मग हाती लागायची ती मान टाकलेली मेथी आणि किडकी वांगी. ती घरी नेल्यावर बायको काय म्हणायची, ते इथे लिहिण्याजोगं नाही.

तेव्हा बाजार रविवारी भरवावा अशी टूम निघाली. कुणी काढली म्हणाल, तर मीच. गावच्या कमिटीचे अध्यक्ष वकील होते. ते म्हणाले, "असं कसं? आधी लोकांचं मत घेतलं पाहिजे." अमेरिकेत म्हणे माणसांना गाठून मतं विचारतात आणि निवडणुकीआधीच निकाल सांगून मोकळे होतात, हे त्यांनी नुकतंच वर्तमानपत्रात वाचलं होतं. मतं गोळा करायला त्यांनी मलाच नेमलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही.

मी एक वही घेतली आणि तीन रकाने पाडले: रविवार, बुधवार आणि 'मत नाही'. शाळा सुटली की हिंडायला लागलो. सुरुवात अर्थातच आमच्या आळीपासून केली, कारण तिथे चहा मिळायचा. पोस्टमास्तर रविवार, नाझर रविवार, कंपाउंडर रविवार. काहींनी तर मी विचारायच्या आतच उत्तर दिलं. लोकांची मतं इतकी जुळतात हे पाहून मला गावाविषयी अभिमान वाटू लागला.

मग एका पाटलांकडे गेलो. ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "आमाले काय, भाजी घरच्या वावरातली खातो. पन तुमी इतक्या दूर आले, तं लिवा रविवार."

"हे तुमचं झालं. घरच्यांचं मत?"

"घरात मत एकच असते, मास्तर."

"माणसं किती?"

"अठरा."

मी रविवारच्या रकान्यात अठरा रेघा ओढल्या. अठरावी रेघ पाळण्यात झोपलेल्या नातीची होती. तिला मेथी खायला अजून दात यायचे होते, पण पाटलांच्या शब्दाबाहेर तीही नव्हती.

राहता राहिले माळी. गावाबाहेर नाल्याकाठी त्यांचे मळे होते. दोनदा गेलो, दोन्ही वेळा दारांना कड्या. शेवटी बुधवारी बाजारातच त्यांना गाठलं. आमची नेहमीची भाजीवाली पहिलीच बसली होती. नवरा गेलेला, विहिरीवरचा लहानसा मळा ती एकटी सांभाळायची. तिच्या हातात तराजू होता आणि भोवती चारपाच गिऱ्हाइकं. मी वही उघडून विचारलं, तशी ती म्हणाली, "थांबा मास्तर, एवढं माप होऊ द्या, मंग सांगतो." माप झालं, तर दुसरं गिऱ्हाईक पुढे. मलाही अजून अख्खा बाजार उरकायचा होता. मी 'मत नाही'मध्ये रेघ ओढली आणि पुढच्या माळणीकडे सरकलो. तीही मोजण्यात गुंतलेली. त्या दिवशी ती सगळी ओळच्या ओळ मी 'मत नाही'त घातली आणि एवढ्या बायांना आपल्या धंद्याविषयी काहीच मत नसावं याचं मनातल्या मनात नवलही केलं.

निकाल एकतर्फी लागला. मी तो अमरावतीच्या एका साप्ताहिकाला कळवला, त्यांनी छापलाही. आठपंधरा दिवस मी गावातून जरा ताठ चालत होतो.

पहिल्या रविवारी अख्खी नोकरदार आळी पिशव्या घेऊन सकाळीच मैदानात हजर झाली. नव्हती ती फक्त भाजी. एकमेकांना रामराम करून आम्ही थकलो. मग कुणीतरी सांगितलं, की रविवारी चार कोसांवरच्या गावाला मोठा बाजार असतो, माळ्यांच्या बैलबंड्या पहाटेच तिकडे गेल्या. सोमवारी कुठे, मंगळवारी कुठे, हा त्यांचा आठवड्याचा फेरा माळ्यांच्या पोरासोरांनाही पाठ होता. ज्याने वही घेऊन गाव पालथं घातलं, त्यालाच तेवढा ठाऊक नव्हता.

मैदानात आमची भाजीवाली मात्र बसलेली होती. तिची निम्मी विक्री त्या रविवारच्या बाजारातच व्हायची, तिथली चिंचेखालची जागा सासूपासून चालत आलेली. ती सोडून इथे काहून, असं विचारलं तर म्हणाली, "गावानं ठरवलं, तं गावातलं कोनी तरी बसलं पायजे ना." मला इतका आनंद झाला की मी मेथीच्या दोन जुड्या जास्त घेतल्या. मग दर रविवारी ती आणि आणखी दोघीतिघी एवढाच आमचा बाजार. दोन महिन्यांत लोक कंटाळले आणि कमिटीने गुपचूप बुधवार परत आणला. या वेळी कुणाचंही मत घेतलं नाही.

त्या बुधवारी मी हसतच तिच्यापुढे उभा राहिलो. म्हटलं, "सुटलात एकदाच्या. आता रविवारी आपल्या चिंचेखाली जाता येईल."

"तिथं दुसरी बसून राहिली आता," ती मेथी निवडत म्हणाली. "बाजारात जागा बसनाऱ्याची असते. तिले ऊठ कशी म्हनू? तिचंबी पोट हाय."

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "चूक माझी झाली, बाई. तुमचं उत्तर न ऐकताच मी तुम्हाला मत नाही असं लिहिलं."

तिने माझी पिशवी ओढून घेतली, भाजी भरली, वर नेहमीसारखी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी ठेवली आणि पिशवी परत दिली.

"जाऊ द्या, मास्तर," ती म्हणाली. "आता आइतवारी मलेबी सुट्टी हाय, तुमच्यावानी."