पाकिस्तान एंड

"आता बॉलिंग पाकिस्तान एंडकडून!"

माइकवर हे आलं आन् मांडवातली माणसं पोट धरून हसली. मैदानाला दोन टोकं असतात. एक टाकी एंड, तिकडं पाण्याची टाकी हाय म्हणून. दुसऱ्या टोकाला काय नव्हतं. मी होतो. पांढरा कोट घालून स्टंपामागं उभा. अंपायर.

हे नाव मला मैदानानंच दिलं. सोळाव्या वर्षी जिल्ह्याच्या निवड चाचणीत मी पळत येऊन बॉल टाकला आन् मधला स्टंप उडाला. खुर्चीवरचे साहेब म्हणाले, "आयला, हा तर पाकिस्तानी निघाला." सगळे हसले. मीबी हसलो. मला कौतुकच वाटलं, येड्याला. घरी सांगितलं तर अब्बा हसले न्हाईत. मागावर चादरी विणणारा माणूस, कमी बोलायचा. "चिड्या तो और चिडाते," एवढंच म्हणाले. म्हणून चिडलो न्हाय. कैक वर्षं चिडलो न्हाय.

विकेट घेतली की पाकिस्तान. कॅच सुटला तर पाकिस्तानच. टीव्हीवर भारत-पाकिस्तान लागलं की पोरं सामन्याकडं कमी आन् माझ्या तोंडाकडं जास्त बघायची. तिकडची विकेट पडली की पहिली टाळी माझी. हात लाल होईस्तोवर. दुसऱ्या कुणाला अशी टाळी वाजवावी लागत न्हाय.

पुढं गुडघा गेला, बॉलिंग सुटली. परीक्षा देऊन अंपायर झालो. वाटलं, आता अंगावर कोट हाय. निकाल देणाऱ्याला कोण नावं ठेवतंय?

ठेवलं की.

त्या दिवशी अक्कलकोट रोडला फायनल होती. मॅटवर, लेदर बॉलची. स्पर्धा भरवणारे दादा मांडवात बसलेले. त्यांचा शब्द तितं कुणी खाली पडू देत न्हाय. बॅटिंगला त्यांचा भाचा. बॉल सरळ पॅडवर बसला, मधल्या स्टंपासमोर. अपील झालं. मी बोट वर केलं.

माइक ओरडला, "पाकिस्तानने आपला गडी घेतला हो!"

ह्या वेळी कुणी हसलं न्हाय. त्याचंच भ्या वाटलं. मांडवातल्या खुर्च्या सरकल्या. पोरं दोरी ओलांडून आत आली, कुणाच्या हातात स्टंप, कुणाच्या बॅट. पुढं दादा, सावकाश चालत. माझ्या खांद्यावर हात ठेवला, घरच्यासारखा.

"पाकिस्तान, बोट खाली घे. घरी जायचंय न्हवं तुला?"

माझा जोडीदार अंपायर माळशिरसचा. एका ताटात जेवतो आमी. तो लेगला उभा होता, खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. बांधतच राहिला.

मी भ्यालो होतो, खोटं कशाला सांगू. पण त्या नाडीनं माझं डोकं फिरलं. मी स्टंपावरच्या बेल्स उचलल्या. अंपायरनं बेल्स उचलल्या की खेळ थांबतो. खिशात टाकल्या.

"आउट म्हंजे आउट. आन् माइकवर माझं नाव घेतल्याबिगर पुढचा बॉल पडणार न्हाय."

दादांनी माइकवाल्याकडं बघितलं. तो म्हणाला, अंपायर साहेबांना विनंती. मी हललो न्हाय. मग म्हणाला, आपल्या मुस्लिम बांधवांना विनंती. तरी हललो न्हाय. माझं नाव त्याला ठाऊक होतं. शाळेत एका बाकावर बसायचो आमी. पण ते त्याच्या तोंडातनं निघंना. शेवटी अंधार पडला, पोरांनी मॅट गुंडाळली, फायनल तशीच राहिली.

बाहेर आलो तर माझ्या मोटारसायकलची सीट ब्लेडनं फाडलेली. तवापासनं फोन येतात. पलीकडं कुणी बोलत न्हाय, नुसता श्वास ऐकू येतो. काल मात्र बोलला. "रविवारी मैदानात दिसू नको." आवाज ओळखीचा हाय. बायको रडती. "नक्को जाव जी," म्हणती.

रविवारी दुसऱ्या मैदानावर मॅच हाय. माइकवाला तोच. मी जाणार. टॉसच्या आधी त्याच्यासमोर उभा राहून सांगणार, आईबापानं ठेवलेलं नाव घ्यायचं, अख्खं. न्हाय घेतलं तर खेळ न्हाय. आन् गेटाबाहेर जे माझी वाट बघत असतील, त्यांनाबी आत्ताच सांगून ठेवतो.

मारायचं असंल तर मारा. पण नाव घेऊन मारा.