आवाज गिळणारी खोली

लोणावळ्याजवळच्या त्या प्रयोगशाळेत विमानाच्या इंजिनाचा आवाज तपासतात. महिपती तिथला फिटर. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. धाकटा भाऊ संदेश त्याच्याच हाताखाली. तपासणीच्या खोलीला भिंतभर स्पंजाचे सुळके, आत कुणी बोंब मारली तरी ह्या कानाची त्या कानाला खबर लागत नाही. म्हणून तर, संदेशनं तुंगार्लीच्या वावरातला हिस्सा परस्पर विकल्याचं कळताच महिपतीनं त्याला गचांडी धरून तिथंच ओढत नेलं आणि दार लावून घेतलं.

पहिल्या ठोशात संदेशचं नाक फुटलं. दुसरा ठोसा हुकला, लोखंडी स्टँडवर आदळला आणि महिपतीचीच बोटं फाटली. तरी गडी थांबेना.

"आईला काय तोंड दावू, मुडद्या?" ओरडत लाथा घालत राहिला.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे साहेबच दार उघडून धावत आत आले. खोलीतले माइक सकाळी महिपतीनंच चालू केले होते, बाहेर साहेबांना सगळं ऐकू जात होतं. संतापात तो ते साफ विसरला होता.

साहेबांनी त्याला समोर बसवून रेकॉर्डिंग ऐकवलं. धपाधप लाथा, त्याच्याच शिव्या, आणि मारताना त्याच्या कानावरच न आलेला संदेशचा रडका आवाज:

"दादा, तुजा हात फुटलाय... लय रगत चाललंय... आदी हात बांध."